‘माझ्याकडे काही नाही’: सदरमधल्या एका संडे स्कूल वर्गाचं प्रकरण

मार्चमधल्या एका रविवारी मी माझ्या वर्गातल्या अकरा मुलांना कोरे कागद वाटले आणि एका प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगितलं: देवाने मला काय दिलं आहे? नागपुरात सदर भागात आमची मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, आहे. तिथे दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा वर्ग मी सोळा वर्षं घेते. दहा कागदांवर मला अपेक्षित तेच आलं: गाणं, चित्रं, की-बोर्ड, वक्तृत्व, गणित, नाच. अकराव्या कागदावर लिहिलं होतं, ‘माझ्याकडे काही नाही.’

लिहिणारा मुलगा तेरा वर्षांचा, सातवीतला. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, वचन पाठ न होणारा, नाताळच्या नाटिकेत दरवर्षी मेंढपाळ होणारा. पुढे जे लिहिते आहे ते प्रामुख्याने त्याच्याबद्दल आहे. मुलांची नावं मी देणार नाही. मंडळी लहान आहे आणि मुलं अजून मोठी होत आहेत.

तो कागद वाचून मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते घरी जाऊन आदल्या रविवारची माझी वही उघडली तेव्हा. आदल्या रविवारी मी बायबलमधल्या मत्तयच्या २५व्या अध्यायातला तलांतांचा दाखला शिकवला होता. धनी परदेशी जाताना एका चाकराला पाच तलांत देतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. मी फळ्यावर पाच, दोन, एक अशा उभ्या पट्ट्या काढल्या होत्या. परीक्षेच्या निकालासारख्या. इंग्रजीतला ‘टॅलेंट’ हा शब्द याच दाखल्यातून रूढ झाला, हे मी मुलांना सांगितलं. पण तलांत म्हणजे किती, हे सांगायचं राहून गेलं. तलांत हे वजनाचं माप. एका तलांताचे सुमारे सहा हजार दिनार होत, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले तर एक तलांत म्हणजे वीस वर्षांची कमाई. ज्याला ‘फक्त एक’ मिळाला, त्याच्याही हातात डोळे दिपतील एवढी रक्कम होती. मी मात्र सर्वांत आखूड पट्टी काढून त्याला गरीब करून टाकलं होतं, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने ती पट्टी आपली म्हणून उचलली होती.

पहिला प्रयत्न

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आम्ही मंडळीतल्या वृद्धांसाठी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. कल्पना माझीच. ज्याला जे येतं ते त्याने वृद्धांसमोर सादर करायचं, म्हणजे देवाच्या देणगीने सेवा झाली, असा माझा हिशेब. सतरा आजी-आजोबा आले. कुणी भाषण केलं, कुणी नाच केला. आमच्या वर्गात एक बारा वर्षांची मुलगी आहे, तिचा गळा खरोखर देवाने निवांत बसून घडवलेला आहे. तिने साउंड ट्रॅक लावून दोन नवीन हिंदी गीतं म्हटली. टाळ्या झाल्या. पण पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पहिल्या कडव्यातच कानातलं मशीन काढून पर्समध्ये ठेवलं. स्पीकरचा आवाज त्या मशीनमधून दुप्पट होऊन कानात घुसतो. नंतर त्यांनी मुलीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, कौतुक केलं. तिला काही कळलं नाही. मला कळलं आणि मी गप्प राहिले.

कागदावर ‘काही नाही’ लिहिणाऱ्याला मी खुर्च्या मांडायचं काम दिलं होतं. खुर्च्या मांडून झाल्यावर तो दिसेना. शोधायला गेले तर हा हॉलच्या मोठ्या पत्र्याच्या कूलरमागे उकिडवा बसलेला, हातात झाडूची काडी. मी रागावणार होते. तो म्हणाला, “टीचर, दोन बाजूचं गवत कोरडंच आहे. पाणी एकाच बाजूने येऊन राहिलं.”

ज्यांनी नागपूरचा उन्हाळा काढलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे कूलर ही चैनीची वस्तू नव्हे. पत्र्याची मोठी पेटी, तीन बाजूंना लाकूड तासून काढलेल्या लांब, बारीक धाग्यांच्या किंवा वाळ्याच्या ताट्या (बोलताना सगळे गवतच म्हणतात), खाली पाण्याची टाकी, त्यात छोटा पंप, चौथ्या बाजूला पंखा. पंप पाणी वर चढवतो, वरच्या पन्हळीच्या भोकांमधून ते गवतावर ठिबकतं, पंखा बाहेरची कोरडी गरम हवा त्या ओल्या गवतातून ओढतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते आणि आत येते ती थंड हवा. बोअरच्या पाण्यातले क्षार पन्हळीच्या भोकांत बसतात, एकेक भोक बुजतं, गवताचा तेवढा पट्टा सुका राहतो आणि त्या पट्ट्यातून गरम हवा तशीच आत येते. घरच्या माणसांना वाटतं पंखा कमजोर झाला.

त्याने प्लग काढून घेतला होता, हे मी आधी पाहिलं. मग त्याने भोकं काडीने मोकळी केली, पंपाला गुंडाळलेलं गवत काढलं, पाइप सरळ केला. कूलर पुन्हा सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, स्टेजवर कुणाचं तरी भाषण चालू असताना, आजी-आजोबांच्या खुर्च्या एकेक करून त्या बाजूला सरकू लागल्या. त्या दुपारी हॉलमध्ये वृद्धांची जी सेवा घडली ती ही एवढीच, आणि ती कार्यक्रमपत्रिकेवर नव्हती.

निघताना मशीनवाल्या आजींनी त्याला विचारलं, “माह्या घरचा पाहशील का रे, बाप्पा? हवा तं येते, पण जिवाची नुसती चिकचिक होऊन राहिली.”

आजींचं घर

त्या आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. मुलगा पुण्याला. दोन खोल्यांचं जुनं घर. आम्ही तिघं गेलो: मी, तो, आणि मंडळीतले एक वायरमन दादा. दादांना मी मुद्दाम सोबत घेतलं. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत कूलरचा करंट लागून कुणीतरी गेल्याची बातमी असते, आणि त्यात मुलंही असतात. पत्र्याची पेटी, पाणी आणि वीज एकत्र आहेत. अर्थिंग नसेल आणि वायर कुठे सोलली असेल तर सगळा पत्राच जिवंत होतो. म्हणून पहिल्याच दिवशी नियम ठरले. प्लग काढून तो डोळ्यांसमोर जमिनीवर ठेवल्याशिवाय कूलरला बोट लावायचं नाही. वायर, स्विच, मोटरचं कनेक्शन हे फक्त दादांचं काम. मुलांचं काम गवत, जाळी, पन्हळ आणि टाकीपुरतं. कोणतंही मूल कुणाच्याही घरी एकटं जाणार नाही, सोबत एक मोठं माणूस आणि जमल्यास दुसरं मूल. आईवडिलांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

आजींचा कूलर तसा ठीक होता. मुलगा बराच वेळ खोलीत इकडेतिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आजी, खिडकी काऊन बंद केली?” आजींचं म्हणणं, गारवा बाहेर जाईल ना. त्याने समोरच्या भिंतीतली खिडकी चार बोटं उघडली. कूलरची हवा ओली असते. तिला बाहेर पडायला वाट नसली तर खोलीतला दमटपणा वाढत जातो, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. चिकचिक होती ती यामुळे. अर्ध्या तासाने आजी पलंगावर बसून म्हणाल्या, “आता कसं बरं वाटते.” त्या घरात त्याला एक स्क्रूसुद्धा फिरवावा लागला नाही.

हे सगळं तो शिकला मामाकडून. मामा उन्हाळ्याच्या सीझनमध्ये कूलरची कामं करतात. हा लहानपणापासून त्यांच्यामागे गवताचे गठ्ठे धरून फिरला. आपल्याला हे येतं हे त्याला ठाऊक होतं. ते ‘देवाने दिलेलं’ असू शकतं, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मीही नाही. आमच्या यादीत गाणं होतं, चित्र होतं, हात नव्हते.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावातल्या टबीथेची गोष्ट आहे. ती मेली, येशूचा शिष्य पेत्र याने प्रार्थना केली, ती उठली. इतकी वर्षं मी ती लहान मुलांना चमत्कार म्हणून शिकवत आले. पण पेत्र माडीवर पोहोचतो तेव्हा विधवा रडत रडत त्याला दाखवतात ते कपडे, तिने त्यांच्यासाठी शिवलेले. आजींच्या घरून परत येताना ही गोष्ट मला वेगळीच दिसू लागली. कपडा शिवायचा तर आधी माप घ्यावं लागतं. टबीथेला प्रत्येक विधवेचे खांदे माहीत असणार. आम्ही हॉलमध्ये जे केलं होतं ते म्हणजे कुणाचंही माप न घेता आमच्याकडे तयार असलेले अंगरखे सतरा जणांच्या अंगावर टाकणं. मुलाला आधी ‘तुझ्याकडे काय आहे’ असं विचारलं की तो स्वतःकडे पाहतो, आणि मग एक तर फुगतो किंवा कोमेजतो. त्याला आधी एखाद्या घरात नेऊन ‘इथे काय कमी आहे’ असं विचारलं की त्याचा हात आपोआप पुढे येतो, आणि कोणता हात पुढे आला ते आपण पाहायचं. मला या प्रकरणातून मिळालेलं शहाणपण एवढंच, आणि ते मला एका तेरा वर्षांच्या मुलाने दिलं.

आईचा विरोध

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी सहा घरांतून बोलावणं आलं. आणि एके संध्याकाळी त्याच्या आई माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“टीचर, तुम्ही माझ्या पोराला कूलरवाला करून राहिल्या. माझ्या भावाने जन्म घातला त्यात. याने शिकावं म्हणून मी दोन घरची शिवणकामं करते. आता लोक रस्त्यात विचारतात, कूलरवाला पोरगा तुमचाच का?”

त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात हाताच्या कामाने पोट भरलं पण मान मिळाला नाही, त्या घरातल्या आईला ‘हे देवाचं दान आहे’ हे वाक्य ऐकवणं सोपं नाही. माझी स्वतःची मुलगी इंजिनिअर आहे. मी हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? मी चहा ठेवला आणि आम्ही निर्गमचा ३१वा अध्याय उघडला. ‘देवाच्या आत्म्याने भरलेला’ असं बायबलमध्ये नाव घेऊन ज्याच्याबद्दल पहिल्यांदा म्हटलं आहे तो याजक नाही, संदेष्टा नाही, राजा नाही. तो बसालेल, एक कारागीर. सोनं, रुपं, पितळ घडवणारा, दगडाला पैलू पाडणारा, लाकूड कोरणारा. त्याच्या हातातलं कसब देवाने घातलेलं होतं असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “पण बसालेलला सातवीची परीक्षा नव्हती.”

आम्ही ठरवलं: परीक्षा संपेपर्यंत एकही घर नाही. सुट्टीत आठवड्याला दोन घरं, सकाळी दहाच्या आत. त्या राजी झाल्या म्हणण्यापेक्षा थांबल्या म्हणणं खरं. त्यांची भीती मी पुरती घालवू शकले नाही आणि ती घालवायचा मला हक्क आहे असंही मला वाटत नाही.

तो शनिवार

या प्रकरणात सर्वांत जड भाग हा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मशीनवाल्या आजींच्या कूलरचा पंप बंद पडला. मुलगा शुक्रवारी दादांबरोबर जाऊन पाहून आला, नवा पंप लागेल म्हणाला, आणि आजींना सांगून आला, “उद्या सकाळी घेऊन येतो.” शनिवारी सकाळी घरून रामटेकला जायचं निघालं. चुलतभावाचं लग्न होतं. तो गेला. दादांना वाटलं पंप मुलगा आणणार, मुलाला वाटलं दादांना ठाऊक आहे. आजी शनिवारभर थांबल्या. शेजारच्यांनी त्यांच्या मेकॅनिकला बोलावू का विचारलं तर म्हणाल्या, “नको, माहा पोट्टा येऊन राहिला.” रविवारीही तो आला नाही.

नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तो आठवडा तेवढा नव्हता, पण पारा ४५च्या आसपास होता आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलेला. सोमवारी शेजारच्या बाईंचा मला फोन आला. आजींना चक्कर आली होती, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी देऊन, अंग ओल्या फडक्याने पुसून त्यांना शेजाऱ्यांच्या कूलरसमोर निजवलं होतं. संध्याकाळपर्यंत बऱ्या झाल्या. देवाची दया. दोष पहिला माझा आहे. मुलाच्या शब्दावर एका वृद्धेची दोन दिवसांची हवा टांगून ठेवली आणि मागे दुसरी दोरी बांधली नाही.

पण मुलाशी काय करायचं? आमच्यातल्या एका ज्येष्ठांचं मत होतं, मूलच ते, आजींनाही सांगू नये, त्यालाही कळवू नये, उगाच खचेल. वर्गात सर्वांसमोर बोलावं असंही एकांनी सुचवलं. मला दोन्ही पटेनात. सेवा म्हणून केलेल्या कामाची चूक झाली की आपण मुलांना फार पटकन माफ करतो, ‘फुकटच तर करत होता’ म्हणून. याचा अर्थ मुलाला एवढाच लागतो की त्याचं काम खरं नव्हतं. शाळेच्या गृहपाठापेक्षाही कमी खरं.

मंगळवारी मी त्याला घेऊन आजींकडे गेले. रस्त्यात घडलेलं सगळं सांगितलं, काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. तो रडला नाही, चालताना मागे मागे राहू लागला. घरात शिरल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजीच म्हणाल्या, “मी वाट पाहून राहिली होती.” बस. त्या रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्याने खाली मान घालून सांगितलं, “मी विसरलो. लग्नाला गेलो.” आजींनी विचारलं, “लग्नात काय होतं जेवायला?” त्याने सांगितलं. मग त्याने पिशवीतून पंप काढला, प्लग काढून जमिनीवर ठेवला, दादांनी कनेक्शन केलं.

बुधवारी त्याने दहा रुपयांची वही आणली. प्रत्येक घराला एक पान. गवत कधी बदललं, टाकी कधी धुतली, पुढे कधी जायचं. आणि पानाच्या वर त्याने स्वतःच्या मनाने एक रकाना पाडला: ‘मी नसलो तर कोण.’ हा रकाना मला सुचायला हवा होता.

बाकीचं थोडक्यात

पैशांचा प्रश्न आला. एका आजोबांनी पन्नासची नोट खिशात कोंबली. आमचा नियम होता, घ्यायचे नाहीत. गवत-पंपाचा खर्च मंडळीच्या मदतनिधीतून. त्याने परत केली तर आजोबांचा चेहरा पडला. घेणाऱ्यालाही काही देता आलं पाहिजे, नाही तर सेवा त्याला लहान करते. तेव्हापासून पैसे नाही, पण पन्हं, सातूचं पीठ, घरचं लोणचं, जे देतील ते बसून खायचं, घाई करायची नाही.

गणितवाला मुलगा दोघातिघांची विजेची बिलं समजावून देतो. चित्रवालीने अजून तिचं घर शोधलेलं नाही, आणि मी घाई करत नाही.

गाणारी मुलगी मात्र जूनमध्ये त्याच्याबरोबर आजींकडे आली, टाकी घासायला. हा घासतच होता, तिने सहज विचारलं, आजी, तुम्हाला गाणं आवडतं का? आजींना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं हवी होती, त्यांच्या आईच्या चालीवर. ती चाल आता चर्चमध्ये कुणी म्हणत नाही. मुलीला ती येत नव्हती. आजींनी मशीन कानात घातलं, तिला जवळ बसवलं आणि शिकवायला घेतलं. त्या दिवशी मुलगी गाण्यापेक्षा ऐकतच जास्त होती. ट्रॅक नाही, स्पीकर नाही. आता ती दर शनिवारी जाते. म्हणते, एक वळण अजून जमत नाही.

पाऊस लागला की हवा दमट होते, कूलरचा उपयोग संपतो, आणि राहिलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. महापालिकेची माणसं टाक्या तपासत फिरतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावं लागतं. जुलैच्या पहिल्या शनिवारी मुलांनी सातही घरच्या टाक्या रिकाम्या करून, ब्रशने घासून, पुसून, वरून कापड बांधून ठेवल्या. या खेपेला त्याने हात कमी लावला. दहा वर्षांची दोघं कामाला लावली होती आणि हा बाजूला उभा राहून वही धरून सांगत होता, “कोपरा राहिला. नाही, ब्रश आडवा धर.” बसालेलबद्दल निर्गमच्या ३५व्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे: दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवाने त्याच्या मनात घातली होती. ती मी त्याच्या आईला अजून दाखवलेली नाही.

येत्या उन्हाळ्यात तो आठवीची परीक्षा देऊन मोकळा होईल आणि लगेच नववीची शिकवणी सुरू होईल. आईंनी आताच सांगून ठेवलं आहे, आठवड्याला एकच घर. त्याने सहा घरं त्या दोन लहानग्यांच्या नावावर केली आहेत, दादांच्या देखरेखीखाली. सातवं पान त्याने स्वतःकडे ठेवलं आहे, आजींचं, आणि ‘मी नसलो तर कोण’ या रकान्यात गाणाऱ्या मुलीचं नाव लिहिलं आहे.